तोळाभर सोने, पाऊण टन वाळू

बंगारपेट जंक्शनापाशी मद्रासकडे जाणारा मुख्य लोहमार्ग सोडून वळणारा जो दहा मैलांचा आखूड फाटा कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन अशी स्थानके घेत मारिकुप्पमपाशी संपतो, त्याच्या शेवटच्या टप्प्यात वस्त्यांना अगदी खेटून उभ्या असलेल्या, पिवळसर-करड्या रंगाच्या, माथ्यावर सपाट आणि अंगावर पावसाच्या ओघळींनी चिरलेल्या टेकड्या दिसू लागतात. नवख्या प्रवाशाने त्या सृष्टीच्याच समजाव्यात इतक्या त्या विस्तीर्ण आहेत. परंतु त्यांतील कणन् कण मनुष्याने भूगर्भातून वर उपसलेला, कुटून पिठासारखा बारीक केलेला, विषारी द्रवात भिजवलेला आणि त्यातले कामाचे तेवढे काढून घेऊन टाकून दिलेला आहे. कोलारच्या सुवर्णखाणींचा वृत्तांत आजवर ज्यांनी लिहिला, त्यांनी तो बहुधा निघालेल्या सोन्याच्या वजनाने तोलला, आणि ते स्वाभाविकही होते, कारण कंपन्यांचे हिशेब, संस्थानचा महसूल आणि लंडनच्या भागधारकांचा नफा हे सारे त्याच वजनावर अवलंबून असे. ज्या मालाचे वजन सोन्याच्या कित्येक सहस्रपट होते आणि ज्याला कोणत्याही वहीत जमेचे किंवा नावेचे स्थान मिळाले नाही, त्या वाळूच्या बाजूने हा वृत्तांत एकदा वाचून पाहण्यासारखा आहे.

हिशेब अवघड नाही. १८८० नंतरच्या एकशेवीस वर्षांत कोलारच्या खाणींतून सुमारे ८०० टन सोने निघाले आणि त्यासाठी सुमारे ५ कोटी १० लाख टन खनिज वर आणावे लागले. आपल्याकडे सोन्याचे माप तोळा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमांहून किंचित अधिक. त्या मापाने भागाकार केला तर प्रत्येक तोळ्यामागे जवळजवळ पाऊण टन दगड फोडला गेला असे निघते. ही झाली सरासरी. आरंभीच्या काळी शीर समृद्ध होती तेव्हा टनामागे एक औंसाहून अधिक सोने हाती लागे. अखेरच्या वर्षांत ते तीन ग्रॅमांच्या आसपास उतरले होते, म्हणजे एका तोळ्यासाठी जवळपास चार टन दगड. खाण जसजशी म्हातारी होते तसतसे तिचे सोने घटत जाते आणि वाळू वाढत जाते, हा सगळ्याच खाणींचा क्रम आहे. तो कोलारला इतका ठळक दिसतो याचे कारण तेथे खोदकामही असामान्य खोलीपर्यंत गेले.

या भूमीत सोने आहे ही वार्ता इंग्रजांनी आणली असे मानणे चुकीचे ठरेल. दक्षिणोत्तर पसरलेल्या धारवाडी खडकांच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात गारगोटीच्या ज्या शिरा आहेत, त्यांत हे सोने असते, आणि त्या शिरा जेथे पृष्ठभागी उघड्या पडल्या होत्या तेथे प्राचीन लोकांनी त्या खणल्या होत्या. त्यांच्या जुन्या विवरांत सापडलेल्या लाकडांचे वय शास्त्रीय रीतीने काढले असता ते तेराशे ते पंधराशे वर्षांपर्यंत मागे जाते. अग्नी पेटवून खडक तापवायचा, त्यावर पाणी टाकून तो तडकवायचा, आणि कुटलेला चुरा लाकडी परातीत धुवायचा, अशी ती पद्धत होती. पाणी लागले की काम थांबे, कारण उपसण्याचे साधन पुरे पडत नसे. मराठी वाचकाला कोलार हे नाव दुसऱ्याच संदर्भात परिचित आहे. विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतल्यावर बंगळूर, होसकोटे, कोलार हा जो मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला, त्याची मातब्बरी तेथील तळ्यांवर, भातखाचरांवर आणि पूर्वेकडे घाट उतरून कर्नाटकात जाणाऱ्या वाटांवर होती. त्या जहागिरीच्या पायाखाली काय आहे, हे उमगण्यास आणखी अडीचशे वर्षे जावी लागली.

टिपूचा पाडाव झाल्यावर म्हैसूरच्या नव्या सरहद्दीची पाहणी करण्याच्या कामावर नेमलेला जॉन वॉरन नावाचा एक लेफ्टनंट १८०२ साली या भागात आला असता, इथल्या मातीत सोने सापडते ही लोककथा त्याच्या कानी पडली. हा वॉरन मूळचा फ्रेंच, मोठा जिज्ञासू. पुढे मद्रासच्या वेधशाळेत काम करून त्याने दक्षिण भारतीय पंचांगांवर एक जाडजूड ग्रंथही रचला. सोन्याची माहिती देणाऱ्यास त्याने बक्षीस जाहीर केले, तेव्हा गावकऱ्यांनी बैलगाडीत माती भरून आणली आणि ती त्याच्यासमक्ष धुवून तळाशी चमकणारे कण दाखवले. मारिकुप्पम आणि ऊरगाम येथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कुटुंबे उथळ खड्ड्यांत उतरून दगड काढीत, स्त्रिया तो कुटीत आणि धूत, हेही त्याने नोंदवून ठेवले. या कथेचा आरंभ ज्यांच्या हातांनी केला, त्यांचेच जातभाई पुढे सहस्रावधींच्या संख्येने उत्तर अर्काट जिल्ह्यातून येऊन याच भूमीखाली राबले, ही गोष्ट वॉरनच्या टिपणाला उत्तरकालात आलेली एक कडवट जोड आहे.

वॉरनचे हे टिपण साठ-सत्तर वर्षे धूळ खात पडले. न्यूझीलंडमधील युद्धातून निवृत्त होऊन बंगळूरच्या छावणीत वास्तव्यास आलेला मायकेल लॅव्हेल हा आयरिश शिपाईगडी, ज्याने तिकडे सोन्याच्या शोधाचा छंद लावून घेतला होता, त्याच्या वाचनात ते आले. आणि १८७३ साली त्याने म्हैसूरचा कारभार पाहणाऱ्या इंग्रज कमिशनरांकडे खाणीचा मक्ता मागितला. कोळसा लागला तर तो सरकारच्या उपयोगी पडेल, सोने लागणे मात्र दुरापास्त, अशा काहीशा उदासीन वृत्तीने तो वीस वर्षांच्या मुदतीने देण्यात आला. लॅव्हेलजवळ भांडवल नव्हते. त्याने हक्क विकले, ते हातोहात फिरले, आणि अखेर १८८० साली जॉन टेलर आणि सन्स या लंडनच्या खाणव्यवसायी पेढीच्या हाती कारभार आला. याच सुमारास वायनाडात सोन्याचा जो ज्वर पसरला होता त्यात कित्येक कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या. कोलारचेही तसेच व्हायचे, परंतु थोडके भांडवल शिल्लक असता म्हैसूर खाणीत प्लमर नावाच्या कॅप्टनाला जुन्या विवरांच्या तळाशी चॅम्पियन शीर गवसली. तेथून चित्र पालटले. मैलोगणती पसरलेल्या त्या एका शिरेवर म्हैसूर, चॅम्पियन रीफ, ऊरगाम, नंदीदुर्ग अशा खाणी एकीला एक लागून उभ्या राहिल्या. रेल्वेचा फाटा आला. बेतमंगलच्या तलावाचे पाणी आले. कॉर्निश खाणकरी, इटालियन कारागीर, अँग्लो-इंडियन यंत्रचालक आणि शीख पहारेकरी यांच्या वेगवेगळ्या वस्त्या वसल्या. आणि १९०२ च्या जूनमध्ये कावेरीवरील शिवसमुद्रमच्या धबधब्यापासून ९२ मैलांची तार ओढून वीज आणण्यात आली, जी त्या काळी जगातील अतिदीर्घ वीजवाहिन्यांत गणली गेली. बंगळूर शहरात विजेचे दिवे लागण्यापूर्वी ती वीज खाणीतले पंखे, पंप आणि पाळणे चालवीत होती. १९०५ साली एका वर्षात एकोणीस टन सोने निघाले. तेवढे पुन्हा कधी निघाले नाही.

वरचे सोने संपले तसे खाणवाले शिरेचा माग काढीत खाली गेले. चॅम्पियन रीफच्या खाणीची खोली अखेरीस सुमारे ३.२ किलोमीटरपर्यंत पोहोचली, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या उंचीची जवळजवळ दुप्पट. आणि मूळ गावच समुद्रसपाटीपासून अडीच-पावणेतीन हजार फुटांवर असल्याने खाणीचा तळ समुद्रसपाटीच्याही सव्वादोन किलोमीटरहून अधिक खाली होता. भूगर्भातील बोगद्यांची एकूण लांबी हजार किलोमीटरहून अधिक भरते. पुण्याहून कोलारला रस्त्याने जाण्याइतके अंतर त्यात सहज मावावे. इतक्या खोलवर खडकाचे स्वतःचे तापमान ६५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते, त्यामुळे वरून थंड केलेली हवा खाली सोडण्याची प्रचंड यंत्रे १९३० नंतरच्या दशकात बसवावी लागली. आणि तरीही तळच्या लेव्हलवर काम करणारा माणूस अर्ध्या चड्डीवर घामाने निथळत असे.

उष्णतेहून भयंकर होते ते खडकाचे फुटणे. शेकडो मीटर जाडीच्या शिळांचा भार ज्या खांबांवर आणि भिंतींवर तोललेला असतो, त्यांच्यातील दगड सोने काढण्यासाठी पोखरला गेला म्हणजे तो ताण कधीतरी एकाएकी मोकळा होतो, आणि पूर्वसूचना न देता भिंतच्या भिंत तोफगोळ्यासारखी आत फुटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा स्फोटांच्या नोंदी सुरू झाल्या. आरंभी त्यांना हवेचे स्फोट समजत. १९१२ पासून तेथे भूकंपमापक यंत्र बसवून हे धक्के टिपले जाऊ लागले. वर राहणाऱ्या लोकांना ते जमिनीच्या हादऱ्यावरून कळत, आणि मग शाफ्टच्या तोंडाशी बायकांची गर्दी जमे. केज वर आला की कोण उतरतो हे पाहणे एवढेच त्यांच्या हाती असे.

या खोलीचा निव्वळ खोली म्हणून उपयोग करणारे एकच लोक तेथे आले, आणि ते मुंबईहून आले. विश्वकिरणांचा वर्षाव जाड खडकाने अडवला म्हणजे त्यांतून काय उरते, हे पाहण्यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी होमी भाभांच्या प्रेरणेने १९५० नंतर कोलारला उपकरणे उतरवण्यास प्रारंभ केला. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन, व्ही. एस. नरसिंहम् हे त्यांतले प्रमुख. जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील ड्युरॅम येथील मंडळी त्यांच्यासमवेत होती. अत्यंत खोल लेव्हलवर यंत्र लावून बसले असता आठवडेच्या आठवडे एकही कण नोंदला जाईना, तेव्हा आपणास हवी तितकी निवांत जागा सापडली असे त्यांनी ताडले; आणि १९६५ साली हीथकोट शाफ्टच्या बाजूला, भूपृष्ठाखाली सुमारे २.३ किलोमीटर अंतरावर, वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा त्यांनी टिपल्या. त्याच वर्षी त्याच शोधात असलेली दुसरी तुकडी दक्षिण आफ्रिकेत होती, आणि तीही एका सोन्याच्या खाणीतच बसली होती. खाणवाल्यांनी खोदलेल्या पोकळीतून विज्ञानाला मिळालेले हे दान मोठेच. परंतु त्या पोकळीतील दगड कोठे गेला, हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या कक्षेबाहेरचा होता, आणि इतर सर्वांच्या कक्षेबाहेरही तो तसाच राहिला.

तो दगड केजमधून वर येई आणि स्टॅम्प मिलमध्ये जाई. तेथे रांगेने लावलेली अवजड लोखंडी मुसळे अहोरात्र उचलली जाऊन खाली पडत, आणि त्यांचा धडधडाट त्या गावाच्या इतका अंगवळणी पडला होता की तो थांबला म्हणजेच लोकांना जाग येई, असे जुने लोक सांगत. कुटलेला चुरा पाण्याबरोबर तांब्याच्या पत्र्यांवरून सोडीत; त्या पत्र्यांना पाऱ्याचे लिंपण असे, पारा सोन्याला धरून ठेवी, आणि पुढे तो मिश्रधातू तापवून पारा उडवून लावला की सोने मागे राही. या पद्धतीत बारीक सोन्याचा बराच अंश वाळूबरोबर निसटून जाई. १८८७ साली ग्लासगो येथे मॅकआर्थर या रसायनज्ञाने फॉरेस्ट बंधूंच्या साहाय्याने सायनाइडची जी कृती शोधून काढली, तिने हा निसटता अंशही हाती आला, आणि जगातील सुवर्णखाणींचे रूपच बदलले. नव्वदच्या दशकात ती कोलारला पोहोचली. प्रचंड हौदांत वाळू भरायची, तिच्यावर सोडियम वा पोटॅशियम सायनाइडचे अगदी सौम्य द्रावण सोडायचे, हवेच्या सान्निध्यात सोने त्यात विरघळते, मग ते द्रावण जस्ताच्या किसावरून नेले की जस्त विरघळून सोने काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. कृती साधी, स्वस्त आणि विलक्षण परिणामकारक. पूर्वी टाकून दिलेली वाळूदेखील पुन्हा हौदात घालून तिच्यातून नफा काढता आला. मात्र या कृतीसाठी दगड जितका बारीक दळावा तितका बरा, आणि म्हणून हौदाबाहेर जे पडे ती नुसती वाळू नसून त्यात पिठासारखी अतिसूक्ष्म भुकटी असे. कंपन्यांनी ती खाणींच्या शेजारीच, पडीक जागा पाहून, थरावर थर रचली. असे तेरा ढिगारे आज आहेत आणि त्यांत सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल आहे. उरलेल्यापैकी काही खाणीच्या पोकळ्या भरण्यास परत खाली गेला, काही पावसाने वाहून नेला.

स्थानिक लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. खरे पाहता सायनाइड हे त्यांतले सर्वांत अल्पायुषी विष आहे. ऊन आणि हवा लागली की ते कालांतराने विघटित होते. दीर्घायुषी आहे ती गारगोटीची भुकटी, आणि तिच्यासमवेत असलेले गंधकयुक्त खनिज. चॅम्पियन शिरेत गंधक बेताचेच, परंतु पश्चिमेकडच्या शिरांत माक्षिक आणि सोमलयुक्त माक्षिक पुष्कळ. ही खनिजे खडकात बंदिस्त असतात तोवर निरुपद्रवी असतात, पण दळून उघड्यावर टाकली म्हणजे पाणी आणि हवा लागून त्यांचे गंधकाम्ल बनू लागते, आणि त्या आम्लात सोमल व जड धातू विरघळून ओढ्यानाल्यांची वाट धरतात. या ढिगाऱ्यांवर गवतही धड उगवत नाही, ते यामुळेच. पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून उतरणारे पाणी खालच्या सखल जमिनीवर पांढरट-पिवळा थर सोडून जाते, आणि वारे सुटले की माथ्यावरची कोरडी भुकटी उडून वस्तीतल्या दारा-खिडक्यांच्या फटींतून घरांत शिरते. अंथरुणावर, दोरीवरच्या कपड्यांवर, उघड्या राहिलेल्या भातावर ती बसते. अलीकडे या डोंगरांवर चित्रपटांचे चित्रीकरण होऊ लागले आहे आणि खाणीच्या नावाचा एक कन्नड चित्रपट तर देशभर गाजला. पडद्यावर तो ओसाड, उदास देखावा भव्य वाटतो, यात संशय नाही. तो देखावा ज्यांच्या फुप्फुसांतून गेला त्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही, इतकेच.

फुप्फुसांचा उल्लेख अलंकारासाठी केलेला नाही. भारतात सिलिकोसिस या व्याधीची पहिली नोंद कोलारच्या खाणीतूनच झाली. १९४७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या तपासणीत साडेसात हजारांहून अधिक कामगारांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांना ती जडल्याचे आढळले. म्हणजे जवळपास निम्मे. गारगोटीची भुकटी श्वासावाटे आत गेली की ती फुप्फुसात रुतून बसते, तिच्याभोवती कठीण गाठी बनतात, आणि धुळीपासून दूर गेल्यावरही विकार वाढतच राहतो. त्यावर औषध नाही, आणि क्षयाला तो आमंत्रण देतो. ज्या यंत्राने शिरेत भोक पाडायचे ते दीर्घकाळ कोरडेच चालवले जाई, मागाहून पाण्याचा फवारा आला. कामगार राहत ते बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांत, ज्यांच्या ओळींना ‘लाइन’ म्हणत. आणि साहेबांच्या बंगल्यांभोवती गुलाबांचे ताटवे, क्लब, गोल्फचे मैदान असल्याने या गावाला ‘छोटे इंग्लंड’ हे नाव पडले. सोन्याची चोरी होऊ नये म्हणून मात्र बंदोबस्त कडक: पाळीवरून वर येणाऱ्या प्रत्येकाची झडती, कच्चे सोने जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवणारे कायदे, आणि १९३० साली कामगारांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदवही करण्याची तजवीज, जिच्याविरुद्ध हजारो कामगारांनी मोठा संप केला. हरवलेल्या सोन्याच्या कणाचा इतका कसून माग काढणाऱ्या व्यवस्थेला कोट्यवधी टन वाळूचा ठिकाणा विचारावासा वाटला नाही, हे वैषम्य नजरेत भरल्यावाचून राहत नाही. दोष केवळ परक्या पेढीचा मानू नये. संस्थानला उत्पन्नावर स्वामित्वधन मिळे, त्यातून पाटबंधारे आणि विद्यालये उभी राहिली, आणि म्हैसूरच्या दिवाणांनी या खाणींचा योग्य अभिमान बाळगला; जमीन परत कोणत्या स्थितीत द्यावयाची, ही कल्पनाच त्या काळच्या मक्त्यांच्या मागे नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या, आणि १९७२ साली भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तोवर दगड निकृष्ट झाला होता, खोली वाढली होती, आणि खाणीतले सोने सरकारजमा होई ते बाजारभावाहून पुष्कळ कमी असलेल्या आंतरराष्ट्रीय दराने; तोटा अटळ होता. राजकीय दडपणाखाली तो वर्षानुवर्षे सोसला गेला, आणि अखेरीस २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणींना टाळे लागले. भारतात खाण बंद करण्याची रीतसर योजना आधी मंजूर करून घेण्याचे बंधन नियमांत आले ते २००३ मध्ये. कोलार त्याच्या दोन वर्षे आधी सुटले, किंवा असे म्हणावे की सोडून दिले गेले. पंप थांबल्यावर बोगदे पाण्याने भरू लागले. पाण्याचा दाब वाढून जुन्या खडकांतील समतोल ढळतो आणि खाण बंद असूनही अधूनमधून जमीन हादरते, हे तेथील खडकशास्त्राच्या संस्थेच्या यंत्रांनी नोंदले. पोकळ्या भरून पाणी वर आले म्हणजे काय घडते याचा दाखला दक्षिण आफ्रिकेतील विटवाटर्सरांड या सुवर्णक्षेत्राने दिलेला आहे: तेथे पश्चिमेकडच्या एका बंद खाणीतून २००२ साली आम्लयुक्त पाणी आपोआप पृष्ठभागावर येऊन वाहू लागले, आणि त्याचा बंदोबस्त करण्यात तेथील सरकारला मोठा खर्च येत आहे.

कोलारचे लोक मात्र गाव सोडून गेले नाहीत. कंपनीच्या घरांचा हक्क, थकलेली देणी, कोर्टकचेऱ्या यांचे लोढणे गळ्यात घेऊन ते तेथेच राहिले, आणि त्यांची मुले रोज पहाटे मारिकुप्पमहून सुटणाऱ्या गाड्यांनी सव्वाशे-दीडशे माणसे मावावी अशा डब्यांत तीनशे दाटीवाटीने उभी राहून बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात.

आता त्या ढिगाऱ्यांकडे पुन्हा सोन्याच्या दृष्टीने पाहिले जात आहे. भाव इतके चढले आहेत की टनामागे ग्रॅमभरही नसलेले सोने काढणे परवडू शकते. तेरा ढिगाऱ्यांत मिळून सुमारे २३ टन सोने असावे असा अंदाज आहे, आणि सुमारे एक हजार एकरांवरील या मालाचा लिलाव करण्याच्या केंद्राच्या प्रस्तावास कर्नाटक मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये संमती दिली. काम झाले तर गावाला रोजगार लाभेल, आणि धुळीचे मूळ हलेल, असे पुष्कळांना वाटते. वाटणे गैर नाही. परंतु ३ कोटी ३० लाख टनांतून २३ टन वजा केले तरी बाकी ३ कोटी ३० लाख टनच उरते, तीही पुन्हा एकदा, आणि अधिक बारीक दळून, सायनाइडमधून काढलेली. लिलावाच्या अटींत सोन्याच्या वाट्याची टक्केवारी ठरेलच. ही दुसऱ्यांदा धुतलेली वाळू कोठे, किती उंचीपर्यंत, कशाने झाकून ठेवायची आणि मक्त्याची मुदत संपल्यावर तिची जोखीम कोणाच्या नावे पडायची, ही कलमे त्या कबुलायतीत आधी लिहून घेतली जातात की नाही, हे तेथील वस्तीच्या लोकांनी, आणि त्यांच्या वतीने कोणीतरी कायदा जाणणाऱ्याने, सही होण्यापूर्वी वाचून पाहिले पाहिजे.